नमुना सही

आरेत, पाड्याच्या मागे,
ऐनाच्या वठलेल्या फांदीवर कुणीतरी बसलंय.
सकाळचे सात-दहा. दुर्बीण अजून गार.

घार नव्हे. शेपटीला खाच नाही.
छातीवर तपकिरी फराटे, शेपूट लांब, आडवे पट्टे.
मोरघार म्हणावी, तर तुरा कुठाय?
सर्पगरुड म्हणावा, तर डोळ्यापाशी
ती पिवळी उघडी कातडी नाही.

एकतीस वर्षं बँकेच्या गोरेगाव शाखेत
मी सह्या पडताळल्या.
कार्डावरची, चेकवरची.
वेलांटी इतकी लांब का, रेघ इथेच का तुटली.
मस्कारेन्हस नावाचे एक गृहस्थ होते, हात कापायचा.
त्यांचा चेक मी तीनदा परत केला.
चौथ्यांदा ते आलेच नाहीत.

"पाय बघा," नवशी म्हणते. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी.
"बोटांपर्यंत पिसं. मोजे घातलेत मेल्यानं.
माझी तलंग ह्यानंच नेली."

दुर्बीण खाली आणते.
खरंच, मोजे.

"आणि तुरा?"
"तो काय, त्याची मर्जी," म्हणत ती उताराला लागते.

वारा येतो. डोक्यामागे एक पीस उभं राहतं,
टोकाला पांढरं,
की मला तसं वाटतं.
मग नुसती फांदी हलत राहते.

वहीत पेन्सिलीनं लिहिते: मोरघार.
पुढे प्रश्नचिन्ह.
ते खोडते.

सही पूर्ण जुळत नाही, साहेब.
तरी पास केली.