अर्ध्या टनाची भट्टी

शिरोलीच्या फाउंड्रीत मी हजेरी लिहितो.
वीज रात्री स्वस्त, म्हणून आमचं लोखंड
रात्रीच वितळतं, गाव झोपल्यावर.

दस्तगीर मुल्ला वाळू मुठीत दाबतो,
मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे राहिले
तर मान हलवतो, "चालतंय."
ओल मोजायचं यंत्र ऑफिसात आहे,
त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी ट्रॅक्टरवाल्यांच्या ऑर्डरी आल्या,
अशा, की मालक फोन उचलायला घाबरायचे.
पण भट्टी अर्ध्या टनाची.
तिला तेजी कळत नाही.
आणि दस्तगीरला हात दोनच,
त्यातला उजवा मनगटात सुजलेला,
हळदीचा लेप, वर पोरीच्या जुन्या ओढणीची पट्टी.
त्या पंधरवड्यात माझ्या वहीतला 'रिजेक्ट'चा रकाना
भरून समासात शिरला.

मग मालकांनी कर्ज काढलं. एक टनाची नवी भट्टी.
"आठ महिन्यांत येईल."
त्या साली उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात
प्रत्येकानं हेच वाक्य ऐकलं,
आणि प्रत्येकाला वाटलं
ते फक्त आपल्यालाच सांगितलंय.

भट्ट्या आल्या. सगळ्यांच्या. एकाच महिन्यात.
क्रेननं उतरवल्या, नारळ फुटले, पेढे वाटले.
मालक फोनजवळ बसले
ते बसूनच राहिले.

आता आठवड्यात तीन रात्री काम.
आकाराम चहावाल्याचं दूध निम्म्यावर.
पॅटर्न करणारे भूपाल चौगुले
सागवानात लग्नाचे पाट कोरतात.
पेपरात कुणा तज्ज्ञानं चक्र काढलंय:
तेजी, मंदी, पुन्हा तेजी, बाण गोल फिरतात.
मी चष्मा पुसून पाहिलं.
त्यात मनगट कुठंच नाही.

दस्तगीरची सूज मात्र उतरली.
"मंदीनं औषध केलं बघा," म्हणतो,
"पर बरा हात घिऊन करू काय?"

काल गेटवर पुणे पासिंगचा टेम्पो थांबला.
माणूस म्हणाला, चार नग नमुन्याला द्या,
पसंत पडले तर चारशे,
पुढच्याच आठवड्यात.
मालकांनी तिसऱ्यांदा चहा मागवला.

आत दस्तगीर पुतण्याला वाळूपाशी घेऊन बसलेला.
पोराची मूठ आपल्या मुठीत धरून दाबली,
उघडली.
गोळा मधोमध फुटला.
"अजून," तो म्हणाला, हात झटकत.
"वरीस जाईल एक."