एक वर, एक खाली

हाप्सालूतल्या त्या लाकडी घरात
दोन खोल्यांच्या मधे विटांची भट्टी आहे, थेट छताला भिडलेली.
सकाळी चार ओंडके खाते,
रात्रभर ऊब देते, दोन्हीकडे सारखी.
अलीकडे काल्यू, कंबर मोडल्यापासून खाटेवर.
पलीकडे टीव्ही आणि साल्मेमावशी.

भिंतीला कान असतात म्हणे.
रिमोटला डोळा लागतो, तोही समोर.
काल्यू ओरडायचा, "आवाज कमी कर!"
आवाज मोठा असल्यामुळे तिला ऐकू जायचं नाही.

मला बोलावलं.
रिमोट उघडला: बिस्किटाचा चुरा, एक झिजलेलं बटण,
आणि टोकाला तो दिवा, जो पेटला तरी दिसत नाही
(मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो).
त्याच्या जागी नखाएवढं वायफायचं बोर्ड.
दिवा नेऊन टीव्हीसमोर ठेवला, फुलदाणीच्या आड,
शेजारी एक काळा डोळा,
मावशीच्या रिमोटकडून भाषा शिकायला.
नऊ मिलिसेकंद उजेड, साडेचार अंधार,
मग बारीक बारीक तुकडे.
अंधारही मोजून द्यावा लागतो,
नाहीतर टीव्हीला काही कळत नाही.

आठव्या दिवशी फोन. बॅटरी संपली.
माझा हिशोब दोन महिन्यांचा होता.
नोंदी उघडल्या.

२:४०, खोलीतून: आवाज एक वर.
२:४१, काळा डोळा: आवाज एक खाली.
३:१५, एक वर.
३:१५, एक खाली.
रोज. टीव्ही लावून ती सोफ्यावरच झोपते,
पडद्यावर हिरवी पट्टी एक घर सरकते, परत येते.
मंगळवारी चारला: वर, वर, वर, वर.
मग अकरा मिनिटं काहीच नाही.
मग काळ्या डोळ्याकडून: बंद.

मी मोठी बॅटरी आणली, चिकटपट्टीने पाठीला बांधली.
रिमोट आता पाव किलोचा, काल्यू म्हणाला,
"राइव्हो, हा तर हातोडा झाला."
नोंदी ठेवणाऱ्या ओळी खोडून टाकल्या.
"बिघाड काय होता?" मावशीने विचारलं.
वायर सैल होती, म्हटलं.

बूट चढवताना पाठ भट्टीला टेकली.
तीही तोच किरण सोडते, न दिसणारा,
फक्त तिला कुणी बटण दाबत नाही.
आतून काल्यूने हाक मारली.
मावशीला ऐकू गेली नाही.
हिरवी पट्टी एक घर सरकली
आणि ती चपला शोधायला लागली.