वाजवी

मला जागा मिळाली, म्हणून मला साक्षीला बोलावलं.

लॉन्सेस्टनमधली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
खाली बेकरी. मधूनच
पावाचा वास वर यायचा आणि वकील
घसा खाकरून पुढच्या कागदावर जायचे.

ग्लेनिस प्रुएट समोर. राखाडी कार्डिगन,
एक बटण चुकीच्या काजात.
एकोणीस वर्षं शहराचं पाणी तपासलेली बाई.
क्लोरीन नाकानंच ओळखायची,
यंत्र नंतर हो म्हणायचं.
'पुढची जागा तुझीच' म्हणत जुन्या साहेबानं
दोनदा तिच्या तोंडाला पानं पुसलेली.
मला बाटली धरायला तिनंच शिकवलं:
झाकण खाली ठेवायचं नाही, करंगळीत अडकवायचं.
अजून तसंच धरतो. प्रमुख झाल्यावरही.

कंपनीचा वकील म्हणाला, बढती न मिळणं ही इजा नव्हे.
निवड वाजवी, निकष वाजवी, गुण वाजवी.
शब्द इतका वाजवला
की रिकाम्या भांड्यासारखा आवाज यायला लागला त्याचा.

तिच्या बाजूचा कॅलम ब्रॅमिच, अगदी पोरगेलासा,
हळूच म्हणाला: निवडीबद्दल तक्रार नाही.
तक्रार पाकिटाबद्दल आहे.

पाकीट मेजावर होतं. पुरावा क्रमांक अकरा.
माझ्या अभिनंदनाचं कार्ड, वर पेंग्विन,
सह्यांसाठी टेबलाटेबलावरून फिरलेलं.
कुणीतरी ते तिच्याही टेबलावर ठेवलं
मंगळवारी, नमुने यायच्या वेळेला.
तिला पत्र गेलं शुक्रवारी.

तिनं सही केली. बाटल्यांवरच्या लेबलांवर असतं तसलं
सरळ, पाण्यानं न पुसणारं अक्षर:
'छान. पीएच मीटर रोज तपास.'
मग गाडीत जाऊन बसली,
आणि संध्याकाळी पहारेकऱ्यानं काच वाजवेपर्यंत
इंजिन सुरू केलं नव्हतं तिनं.

डॉक्टरांनी सांगितलं, नळाचं पाणी ती आता पीत नाही.
चौदा महिने. चहासुद्धा विकतच्या पाण्याचा.
हे ऐकताना मी समोरचा पेला
थोडा लांब सरकवला.

मला विचारलं: तुमची पात्रता? सांगितली.
तिचं वागणं? चांगलं.
कार्ड कुणी फिरवलं? माहीत नाही.
हे खरं होतं.

जे विचारलं नाही ते असं:
त्या मंगळवारच्या आधीचा रविवार, टेमार नदीचा काठ,
आम्ही दोघं गळ टाकून बसलेलो.
मला आदल्या शुक्रवारीच फोन आला होता.
ती म्हणाली, मिळालीच जागा तर पहिल्यांदा
तो तीन नंबरचा गळका नळ बदलून घेईन.
मी म्हणालो, हो, घेच.
आणि तिच्या गळाला किडा लावून दिला.

निकाल टपालानं आला, सहा पानी.
निवड वाजवी. कळवण्याची रीत नव्हे.
पगाराचा काही हिस्सा, काही आठवडे.
माझं नाव चौथ्या पानावर, एकदाच,
एका निर्दोष वाक्यात.

तीन नंबरचा नळ मी बदलला आहे.
गळत नाही.
रात्रपाळीला मात्र कान तिकडंच असतो.