वाळूत संपणारी लाइन

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना
एक लाइन बाजूला फुटायची,
उताराकडे पाठ करून थेट डोंगर चढायची
आणि करवंदीच्या जाळीपाशी वाळूत संपायची.
तिला पुढचं गाव नव्हतं. टायमटेबलात नाव नव्हतं.

काटा कायम तिच्याकडेच लावलेला.
उतरणाऱ्या गाडीनं थांबायचं, लांब शिट्टी द्यायची :
ब्रेक माझ्या ताब्यात आहे.
मग चिंधू आगिवले खटका ओढणार,
मग कसारा, मग पुढची दुनिया.
सदतीस हात चालावं तर एक हात खाली नेणारा घाट;
तिथं शिट्टी नाही, तर खटका नाही.

माझी आई ठकू त्या वाळूवर कामाला.
दाताळं घेऊन जायची,
पावसानं बसलेली वाळू उकरून भुसभुशीत करायची.
रोजंदारीच्या वहीत लिहिलेलं : वाळू मऊ ठेवणे.
आम्ही हसायचो.
ती म्हणायची, 'गाडी न येवो इकडं.
पण आलीच, तर तिला लागायला नको.'

तिच्या आज्यानं पुलाचे दगड वाहिलेले.
दरीतल्या खांबांपाशी पटकीनं माणसं गेली, म्हणायची.
किती, ते तिला ठाऊक नव्हतं.
ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी लिहिलं नाही.

एका पौषात, कंदिलाला स्वतःचा उजेड दिसेना अशा धुक्यात
वरून गव्हाची मालगाडी आली.
आधी जळक्या लोखंडाचा वास आला,
मग चाकं ऐकू आली.
शिट्टी आली नाही.
चिंधूचा हात खटक्यावर होता. तिथंच राहिला.

गाडी डोंगर चढली, दमली,
वाळूत गुडघे टेकून बसली.
ड्रायव्हर डिक्रूझ उतरला, बुटातली वाळू झाडली,
बूट हातात घेऊन उजाडेपर्यंत तसाच उभा.

चौकशीत साहेबानं विचारलं, 'त्या वेळी तू काय केलंस?'
'काही नाही, साहेब.'
तसंच लिहून घेतलं.
आणि सांडलेल्या वाळूचा हिशेब मागवला : अकरा बैलगाड्या.

आता रूळ उचललेत.
शेडच्या ऑफिसात खटका ठेवलाय, तेल लावून,
खाली पाटी : काटा बदलण्यासाठी.

परवा वर जाऊन आलो.
करवंदी पार आत शिरल्यात, वाळूवर कुसळी गवत.
खाली बँकर लावलेली गाडी कण्हत चढत होती.
मी बोटं खुपसून पाहिली.
वर खापरासारखी कडक.
वीतभर खाली
अजून मऊ.