दोन पेट्या

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या शेजारी,
दोन्ही ठेवतो मी.
एक पेटी सोनेरी काठाची,
दुसरी पांढरी, छपाई जराशी तिरपी.

शुक्रवारी, वरुडचा बाजार उठता उठता
नलूताई काळमेघ येतात, अंगणवाडीच्या सुपरवायझर.
डॉक्टरची चिठ्ठी हजेरीवहीतून काढतात,
दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून.
“फरक काय हाय बावा दोघीत?”

मी माझा चष्मा देतो.
बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव
दोन्हीकडे तेच, काना-मात्रेसकट.
मिलिग्रॅम तेच. सुई तेवढीच.
“मंग सस्तं कमी तं नाही लागू पडत?”
नाही ताई. माझ्या बायकोचं बीपी
चार वर्षांपासून साध्याच गोळीवर आहे.
(साध्या पेटीवर मला जास्त सुटतात,
हे तेवढं सांगत नाही.)

पांढरी घेतात. मी बर्फ भरतो,
समोरच्या रसवंतीवरून आणलेला,
कारण सावळीत दुपारी लाइन नसते.
त्या पैसे मोजत मोजतच बोलतात,
“आज एक पोट्टी तोलली. अडीच वर्षांची,
सात किलो दोनशे.
काट्यावरून उतरवली, तं हातात काहीच नाही आलं.”

पिशवीला गाठ मारतात. सोडतात. पुन्हा मारतात.
“तिले भूक लागाचं टॉनिक दे एक.
माह्याच पैशानं.
अन् कंपनीचं दे हं,
ते साधंसुधं नोको.”

चष्मा अजून त्यांच्याच डोळ्यांवर होता.
मी वरच्या फळीवरची बाटली काढली, फडक्यानं पुसली.