पत्र्याखालची झोप

विट्यात एप्रिलचा पत्रा
दुपारी बाराआधीच कुरकुरायला लागतो.
हे रात्रपाळीचे. सकाळी आठला येतात,
कानात अजून धोटा फिरतोय असे,
आणि अकरापर्यंत अंथरुणाचा तवा झालेला.

शिकलगारांच्या दुकानात मी सगळं हाताळून पाहिलं.
थर्माकोल हलका, स्वस्त.
उंदीर त्याचं पीठ करतात, हे खोदून विचारल्यावर कळलं.
पफ चांगला. भाव ऐकून
पिशवीची चेन उघडलीच नाही.
ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर.
नुसतं बोट लावलं, तर रात्री भाकरी थापताना चुणचुणत होतं.
नणंद म्हणाली, उसाचं पाचट टाक वर, फुकट आहे.
फुकट आहे, आणि भिंतीला लागून वेल्डिंगवाला आहे.

"अडवायचं काय?" शिकलगारांनी विचारलं,
"ऊन, का आवाज?"
मी म्हटलं, माणूस झोपवायचाय.

शेवटी लोकरच घेतली. दोन इंची, चंदेरी कागदाची,
खालून सिमेंटची शीट.
भिशी गेली, वर अकराशे उसने.

पहिल्या दुपारी खोली माठासारखी.
गल्लीभर माग चाललेले, आत चिडीचूप.
साडेबाराला हे उठून बसले.
"माग बंद पडले काय?"
"चालूच आहेत."
"मग ऐकू का येईना?"

मी खिडकी बोटभर उघडली.
उन्हाची एक पट्टी आत आली
आणि तिच्या मागोमाग खटखट, खटखट.
हे कुशीवर वळले.

आता रोज तेवढीच, बोटभर.
शिकलगारांना सांगितलेलं नाही.