मीठ

अकरावं वर्ष लागलंय त्याला.
कोल्हापुरातून आणला तेव्हा
एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसलो होतो,
फोंडाघाटात वळणावळणाला
त्याचं डोकं हाताने सावरत.
कंडक्टरने थट्टेने अर्धं तिकीट मागितलं होतं.

आता वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
तो सकाळी जागा व्हायला सात मिनिटं घेतो.
तेवढ्यात मी खाली जाऊन चहा पिऊन येतो.
कधी दोन चहा.

कुडाळचा इनास त्याची पाठ उघडतो, ब्रशने झाडतो.
स्क्रूंवर हिरवट बुरा, रॅमच्या दातांवर पांढरा थर.
"मीठ खाल्ल्यान हा ह्येना."
मी म्हणतो, मग खाल्ल्या मिठाला जागतोय की.
इनास हसत नाही.
"मदरबोर्डाक म्हणी कळनत नाय."

वहीत दोन रकाने आखलेत.
डावीकडे: पॉवर सप्लाय दोनदा, हार्ड डिस्क तीनदा,
ग्राफिक कार्ड जुनंच, पण दुसऱ्या कुणाचं तरी जुनं,
पंखे किती बदलले ते लिहायचं सोडून दिलं.
उजवीकडे एकच आकडा: पावणेदोन लाख.
तीन वर्षं झाली,
रकाने एकमेकांकडे नुसते बघतायत.

शर्वाणी म्हणाली, मूळचं उरलंय काय त्यात?
पत्रा. आणि पुढचं बटण,
जे आत गेलं की नखाने ओढून काढावं लागतं.
"म्हणजे नवीन घेतलासच तू. हप्त्याहप्त्याने. आणि तरी जुनाच."

बंदरावर भिवा केळूसकर होडीच्या फटीत कापूस ठोकत होता.
त्याला विचारलं, होडी मोडीत काढायची कधी, ते कळतं कसं?
त्याने वर पाहिलं नाही.
"पाणी उपसण्यात दिस गेलो
आनि जाळां सुक्याच रवला, काय समजाचा."
मग म्हणाला, ही अजून तशी नाय,
आणि पुन्हा ठोकू लागला, जरा जास्तच जोराने.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
लोक म्हणतात, तुझं काम साधं असतं, सोज्वळ.
तुझ्या लग्नांत फुलं उडत नाहीत,
नवरा-नवरीच्या मागे चंद्र फिरत नाही.
पार सावंतवाडीपर्यंत नाव झालं त्यावर.
मी मान खाली घालून हसतो.
चंद्र फिरवला की तो बंद पडायचा, एवढंच.

परवा खानोलीच्या धुरींचं लग्न कापत होतो.
गाडी निघून गेलेली.
भाच्याचा ड्रोन माडांच्या वर चढत होता,
आणि खाली रिकाम्या मांडवात मुलीचा बाप
सुटलेली एक दोरी पुन्हा बांधत होता,
जी उद्या सोडायचीच होती.
चाळीस सेकंद. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.
दर वेळी तो चेहरा वर करायचा
आणि तिथेच चित्र थिजायचं, मग तुटक तुटक उड्या.
पाच वेळा पाहिलं. सहाव्यांदा, रात्री दोनला,
मी तिथे कात्री लावली.
बापाचं बांधून झालं म्हणून नव्हे.
ह्याला धाप लागली म्हणून.

सकाळी कोल्हापूरला फोन केला.
वीस हजार आगाऊ पाठवले. आठ दिवस लागतील म्हणाले.
ते चाळीस सेकंद एका फोल्डरात ठेवलेत,
नाव दिलंय 'नंतर'.
धुरींना सांगितलंय, जरा थांबा.
त्यांना वाटलं, पैशांसाठी.

भीती एकच आहे.
नवा आला की चंद्र फिरवता येईल.
मी फिरवणार नाही, असं मी म्हणतो,
पण आजवर मला कुणी विचारलंच कुठे होतं.

आज शिरोड्याच्या बारशाचं रेंडर लावलंय.
बासष्ट टक्के. तासाभरापासून बासष्टच.
खोलीत एकच टेबलफॅन.
तो त्याच्याकडे वळवलाय.
मी सदरा काढून बसलोय,
ओठांवर आलेला घाम
खारट.